एका फणसाची नोंद

नोकरीचा हुकूम घरी आला तेव्हा तो आधी अण्णांनी वाचला, मग त्यांनी तो आईला वाचून दाखवला, मग वाड्यातल्या सातही बिऱ्हाडांत तो फिरून आला आणि सगळ्यांत शेवटी माझ्या हाती पडला. तोपर्यंत माझ्या नोकरीबद्दल माझ्याखेरीज सर्वांची मते पक्की होऊन गेली होती. समोरच्या काकूंना नोकरी सरकारी असल्याचा आनंद झाला होता. माडीवरच्या पेन्शनर काकांनी, "धरणाच्या कामावर म्हणजे मलेरिया आलाच," असे सांगून ठेवले होते. आईने मात्र एकच प्रश्न विचारला.

"हे कोयना कुठं आलं?"

अण्णा शाळामास्तर. पेन्शनीत निघाले होते तरी नकाशाची गुंडाळी त्यांनी कपाटावरून हलवली नव्हती. त्यांनी नकाशा भिंतीला लावला आणि घरच्यांचा वर्ग भरवला. "कोयना महाबळेश्वरला उगम पावते. इतर नद्यांसारखी ती लगेच पूर्वेला जात नाही. सह्याद्रीच्या कुशीतून सरळ दक्षिणेला उतरते. इथं, हेळवाकपाशी, काटकोनात वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. या वळणावर धरण होतं आहे."

"ते राहू द्या. पुण्यापासून किती लांब?"

"असेल दीडशे मैल."

आईने पदराने उगाचच तोंड पुसले. त्या दिवसापासून घरात 'लांब' या शब्दाचा वावर सुरू झाला. एवढ्या लांब मेतकूट कुठले मिळायला? एवढ्या लांब अंग दुखले तर विचारणार कोण? एवढ्या लांबून दिवाळीला यायला रजा तरी मिळेल का?

हे १९५७ सालचे. दसरा नुकताच झाला होता. मी २१ वर्षांचा होतो आणि ओव्हरसिअरची परीक्षा पास होऊन आठ महिने घरात बसलो होतो. धाकट्या बहिणीचे लग्न डोक्यावर होते आणि अण्णांच्या पेन्शनीत महिन्याचे वाणसामान जेमतेम बसत होते. तेव्हा जायचे की नाही हा प्रश्नच नव्हता. आज नव्वदीला टेकलो असताना मागे वळून पाहतो, तर त्या वयात माझ्यापुढे जे प्रश्न नव्हते त्यांनीच माझे आयुष्य ठरवले असे दिसते.

शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्यातून ओंकारेश्वराची घंटा ऐकू येई. त्या घंटेच्या टप्प्याबाहेर मी एकटा कधी झोपलो नव्हतो. वळकटी, पत्र्याची ट्रंक, लोणच्याची बरणी, मेतकुटाचा डबा आणि आईची एक सूचना एवढे सामान घेऊन मी रात्रीच्या गाडीत बसलो. सूचना अशी की उतरल्याबरोबर एक चांगला कंदील घ्यायचा. कऱ्हाडचे स्टेशन खुद्द कऱ्हाडात नाही, ते ओगलेवाडीला आहे. ज्या ओगल्यांच्या कारखान्याचा 'प्रभाकर' कंदील घरोघर टांगलेला असे, त्यांचीच ही वाडी. पहाटे तिथे उतरलो आणि आईची आज्ञा पाळायला फार चालावे लागले नाही.

पुढे एस. टी. मल्हारपेठ गेले, पाटण गेले. डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येऊ लागले तशी गाडीतली माणसे कमी होऊ लागली. हेळवाकच्या अलीकडेच धरणाचे काम ऐकू आले. ते आधी ऐकू येई आणि मग दिसे. सुरुंगांचा दणका डोंगरावर आपटून परत येई, आणि एका दणक्याचे तीन होत. मग वळणावरून एकदम सगळे दृश्य उघडे पडले. उघडा पडलेला काळा खडक, खडीचे ढीग, यंत्रे आणि त्यांच्यात मुंग्यांसारखी माणसे. डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायकांची रांग वर जात होती आणि रिकाम्या पाट्यांची रांग खाली येत होती.

बेत केवढा होता ते मला पहिल्याच संध्याकाळी एका जुन्या ओव्हरसिअरने काडीने जमिनीवर रेघा ओढून दाखवले. पूर्वेला जाणारी नदी अडवायची. सुमारे १०३ मीटर उंच आणि आठशे मीटरहून लांब भिंत घालायची. अडलेले पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगदा काढून पश्चिमेला न्यायचे आणि कोकणच्या अंगाला, पोफळीजवळ, दीड हजार फूट खाली जनित्रांवर सोडायचे. डोंगराच्या आत, खडक कोरून वीजघर करायचे. "म्हणजे बंगालच्या उपसागराला जाणारं पाणी अरबी समुद्राला जाणार!" तो म्हणाला. मी भारावून गेलो. त्याच रात्री घरी पत्र लिहिले की मी एका अचाट कामात सामील झालो आहे. अण्णांनी ते पत्र वाडाभर वाचून दाखवले असणार यात शंका नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे उभा राहिलो. त्यांनी माझा कागद पाहिला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "धरणावर माणसं आहेत. तुम्ही बुडितातली घरं मोजायची."

भिंत उभी राहिली की तिच्या मागे पाणी चढणार आणि खोऱ्यातली गावे पाण्याखाली जाणार. त्या गावांतले प्रत्येक घर मोजून, त्याची किंमत ठरवून मोबदल्याच्या रजिस्टरात चढवायचे होते. मी धरण बांधणार असे वाड्यात जाहीर झाले होते. प्रत्यक्षात मला टेप धरायची होती.

राहायला पत्र्याची बराक होती. एका खोलीत आम्ही तिघे. दिवसा पत्रा तापे आणि रात्री तोच पत्रा थंडीने कडकडे. खानावळीतल्या आमटीला आमटी म्हणणे हा सद्‌भावनेचा भाग होता. सुरुंगांची वेळ झाली की भोंगा वाजे, आणि खोलीतला अनुभवी गडी न बोलता चहाच्या पेल्यावर बशी उपडी घाली. छपरावरची धूळ खाली पडे म्हणून. आठवड्याभरात मीही बशी घालायला शिकलो, पण झोपायला शिकलो नाही. रात्रपाळीच्या दिव्यांचा उजेड पत्र्याच्या फटींतून आत येई. डोळे मिटले की ओंकारेश्वराची घंटा ऐकू येते असे वाटे, आणि उघडले की खडीच्या यंत्राची घरघर.

आठव्या दिवशी मी राजीनामा लिहिला. प्रकृतीचे कारण दिले. अक्षर सुरेख काढले. तारीख तेवढी मोकळी ठेवली आणि तो कागद ट्रंकेत घडीच्या धोतराखाली ठेवून दिला. त्या कागदाचा मला मोठा आधार वाटे. खिशात परतीचे तिकीट असलेल्या प्रवाशासारखा मी दिवस काढत होतो.

आमची मोजणीची टोळी चौघांची. मी, टेपचे दुसरे टोक धरणारा एक गडी, गावचा कोतवाल आणि आमचे वडीलधारे कारकून. ते मूळचे वाईचे. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. सकाळी कामाचा ट्रक आम्हांला जिथवर चाक जाईल तिथवर सोडी. पुढे पाऊलवाटेने चाल. गाव म्हणजे डोंगराच्या सोंडेवर वीस-पंचवीस घरे, खाली नदीकाठी भातखाचरे, वर उतरणीला नाचणी आणि वरी. घरांत म्हातारीकोतारी, बाया आणि पोरे. कर्ती माणसे बहुतेक मुंबईला. कोणी गिरणीत, कोणी गोदीत, कोणी ओझी वाहायला. त्यांच्या मनीऑर्डरीवर घर चाले आणि घरच्या नाचणीवर पोट.

घर मोजायचे एक शास्त्र असते. सोप्याची लांबी-रुंदी, माजघर, पडवी, गोठा. भिंत दगडाची की मातीची. खांब कोणत्या लाकडाचे. छपर कौलारू की गवताचे. मग झाडे: आंबा, फणस, हिरडा. मी विचारी, गडी टेप ओढी, मी आकडा सांगे आणि भाऊसाहेब लिहीत. पहिल्या चारपाच घरांत माणसे काय म्हणतात तिकडे माझे लक्ष होते. पुढे लक्ष आकड्यांवर राहिले. एका दिवसात आठ घरे झाली तर साहेब खूश असत.

दिवाळीला चार दिवस असताना एका गावात शेवटचे घर राहिले होते. सूर्य कलला होता. त्या दिवशी टपाल यायचे होते आणि आईने फराळाचे पार्सल पाठवल्याचे कार्ड आदल्या दिवशीच आले होते. ट्रक चुकला तर सात मैलांची चाल होती. घरात एकटी म्हातारी. दोन्ही मुलगे मुंबईला गोदीत. तिने आम्हांला गुळाचा खडा आणि पाणी दिले. भाऊसाहेबांना खोकल्याची उबळ आली होती म्हणून त्या घराचे लिखाण मी केले. सोपा झाला, माजघर झाले, गोठा झाला. तिने मला परसात नेले. तिथे एक मोठा फणस होता.

"ह्यो बी लिव्ह, लेकरा."

"लिहितो, आजी," मी म्हटले, आणि घड्याळ पाहिले.

ट्रक मिळाला. पार्सलही मिळाले. डबा फोडला तेव्हा चकल्यांचा चुरा झाला होता, पण वास शाबूत होता. त्या वासाने मी खोलीतल्या दोघांच्या देखत रडलो. त्यांनी ते पाहिले नाही असे दाखवले. दुसऱ्या दिवशी राजीनाम्याचा कागद बाहेर काढून मी त्यावर तारीख घातली, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवसाची. सण संपला की कागद साहेबांच्या टेबलावर ठेवायचा आणि भाऊबीजेला पुण्याला बहिणीकडून ओवाळून घ्यायचे.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी कचेरीत रजिस्टराची अखेरची तपासणी चालली होती. त्या गावाची पाने दुसऱ्या दिवशी सकाळी कऱ्हाडला जायची होती. मी कच्चे कागद वाचत होतो आणि भाऊसाहेब पक्क्या रजिस्टरात टिपा करीत होते. शेवटचे घर आले. सोपा, माजघर, गोठा. झाडे: नाहीत.

मी थांबलो. 'नाहीत' हे अक्षर माझेच होते. घाईत ओढलेले.

"काय झालं?" भाऊसाहेबांनी विचारले.

"एक फणस होता. राहिला."

"आता अंदाजानं घेर लिहा आणि मोकळे व्हा."

तसे लिहिता आले असते. घेर अंदाजाने लिहिणे अवघड नव्हते. पण मी तो फणस आठवू लागलो आणि मला तो आठवेना. झाड मोठे होते एवढेच स्मरणात होते. बुंधा सरळ होता की दुभंगलेला, फांद्या कुठून फुटल्या होत्या, काही डोळ्यांपुढे येईना. दहा हातांवर उभे राहून मी ते पाहिलेच नव्हते. मी घड्याळ पाहिले होते.

"मी जाऊन येतो," मी म्हणालो.

भाऊसाहेब माझ्याकडे बघत राहिले. दिवाळीचा दिवस. ट्रक नाही. जाऊन-येऊन चौदा मैल. "एका झाडाचं केवढं ते!" असे काहीतरी ते पुटपुटले. मग रजिस्टर न मिटता त्यांनी दौतीला बूच घातले. "जा. कंदील घेऊन जा, परतताना रात्र होईल. रजिस्टर मी खोलीवर नेतो. कोणी विचारलं तर सांगेन, शाई वाळायची आहे."

फराळातल्या करंज्या-लाडू फडक्यात बांधले, टेप खांद्याला अडकवली आणि निघालो. त्या वाटेवरून मी आधी दोनदा गेलो होतो, पण टोळीबरोबर बोलत बोलत. एकट्याने जाताना प्रथमच कळले की वाटेवर एक झरा आहे आणि त्याच्या कडेला कोणीतरी पाणी प्यायला दगडाची पन्हळ घालून ठेवली आहे. ही पन्हळही पाण्याखाली जाणार होती. तिला रकाना नव्हता.

पोहोचलो तेव्हा सांज होत होती. म्हातारी उंबऱ्याशी पणती लावत होती.

"तू त्योच न्हवं, परवाचा मोजणीवाला?"

"होय, आजी. फणस लिहायचा राहिला होता."

"ठावं हाय मला," ती शांतपणे म्हणाली. "लिवताना तू त्येच्याकडं बगितलंच न्हाईस."

त्यानंतरच्या नोकरीत मला पुष्कळ वरिष्ठांनी ठपके दिले. त्यांतला एकही आता आठवत नाही. हा आठवतो.

टेपचे दुसरे टोक धरायला कोणी नव्हते. ते म्हातारीनेच धरले. मी बुंध्याभोवती फिरून आलो. घेर भरला साडेसहा फूट. तो आकडा मला अजून पाठ आहे.

"लगीन हून आले तवा ह्यो न्हवता," ती बोलू लागली. "सासूनं त्याच साली आठळी पुरली. म्हनली, तू रुजलीस म्हंजी ह्योबी रुजंल. म्या लई रडायची. माझं म्हायार डोंगरापल्याड. सासू म्हनायची, आठळीला पानी घाल, मंग रड."

मी लिहून घेतले. फणस, एक, फळता, घेर अमुक. मग तिची समजूत काढावी म्हणून मी म्हणालो, "याचेही पैसे मिळतील, आजी."

"पैशासाठनं न्हाय रं," ती म्हणाली. "कागदावर आसला म्हंजी हुता म्हनत्याल."

मी फराळाचे फडके तिच्यापुढे ठेवले. तिने एक करंजी तोडली, अर्धी मला दिली. आम्ही दोघे उंबऱ्यावर बसून ती खाल्ली.

"तुजं गाव कंचं?"

"पुणं."

"लांब हाय."

"फार लांब आहे, आजी." माझा आवाज बहुधा कापला असावा, कारण तिने माझ्याकडे निरखून पाहिले.

"दिवाळीला ग्येला न्हाईस?"

"रजा नाही मिळाली."

"जाशील की. घर जाग्याव हाय न्हवं? मंग कसलं आलंय लांब?"

तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती. रडक्या पोराला समजावतात तसे ती मला समजावत होती. जिचे घर मी मोजून टाकले होते, ती माझ्या घराबद्दल मला धीर देत होती. गेले वीस दिवस मी या जागेला 'लांबचे ठिकाण' म्हणत होतो. पत्रात तसे लिहीत होतो, राजीनाम्यातही लिहिले होते: 'इतक्या दूरच्या ठिकाणी प्रकृतीस मानवत नसल्याने'. हे ठिकाण कोणाच्या तरी उंबऱ्यापासून शून्य पावलांवर आहे हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. आणि हा उंबरा सोडून या माणसांना जिथे जायचे होते ते मला रजिस्टरावरून माहीत होते. कोणी सोलापूरकडे, कोणी ठाण्या-कुलाब्याकडे. ज्यांनी आयुष्यात भाताखेरीज पाणथळ शेत पाहिले नाही त्यांनी ज्वारीच्या मुलखात जायचे होते. लांब म्हणजे काय हे कळायचे तर ते त्यांना कळणार होते.

निघताना तिने मातीत पुरून ठेवलेल्या आठळ्या काढल्या. "सरत आल्यात. भाजून खा," म्हणाली. ओंजळभर माझ्या फडक्यात घातल्या. मी कंदील पेटवला. खाली गावात वीस-पंचवीस पणत्या दिसत होत्या, आणि वळण घेतल्यावर दूर धरणाच्या बाजूला आकाशात विजेच्या दिव्यांचा उजेड पसरलेला होता. मी त्या दोहोंच्या मध्ये चालत होतो.

भाऊसाहेब जागे होते. दौतीचे बूच काढून त्यांनी टाक माझ्या हाती दिला. "तुमची चूक, तुमच्याच अक्षरात दुरुस्त करा." 'नाहीत' खोडून मी लिहिले: 'फणस १'. बाजूला सही केली. मग आम्ही शेगडीवर आठळ्या भाजल्या आणि मीठ लावून खाल्ल्या. माझ्या घराबाहेरच्या पहिल्या दिवाळीचे ते लक्ष्मीपूजन.

दुसऱ्या दिवशीची तारीख घातलेला राजीनामा ट्रंकेतच राहिला. फाडला नाही, फाडण्याजोगे शौर्य त्यात काही नव्हते. मोजायची गावे पुष्कळ राहिली होती आणि कोणीतरी झाडाकडे बघून लिहायला हवे होते, एवढेच. मी तिथे आठ वर्षे राहिलो.

पुढचे सगळे इतिहासात जमा आहे. १९६२ साली पोफळीच्या वीजघरातून पहिली वीज निघाली. खोऱ्यात शिवसागर पसरला. आज त्यात शंभर टीएमसीहून अधिक पाणी मावते, आणि कोयनेच्या सगळ्या टप्प्यांची मिळून क्षमता १९६० मेगावॅट आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपाने कोयनानगर जमीनदोस्त केले, दीडशेहून अधिक माणसे गेली. मी तेव्हा बदलीवर दुसरीकडे होतो. वर्तमानपत्रातल्या फोटोंत आमची बराक शोधत बसलो होतो. धरण तडे सोसूनही टिकले आणि पुढे भक्कम केले गेले. आणि ज्यांची घरे आम्ही मोजली त्यांची नातवंडे जमिनीच्या हक्कासाठी २०१८ साली कोयनानगरला ठिय्या देऊन बसल्याची बातमी मी वाचली, तेव्हा चष्मा काढून बराच वेळ बसून राहिलो. मला त्या विजेचा अभिमान आहे. माझ्या घरातला दिवा लावताना आजही तो वाटतो. पण त्या बरोबर जे येते तेही येऊ देतो. एकटा अभिमान मी कधी वाटून घेतला नाही.

मात्र एक दिवस सांगायचा राहिला. १२ जुलै १९६१. कोयनेवर मुसळधार पाऊस चालू होता. पुण्याला पानशेतचे धरण फुटल्याची बातमी आमच्यापर्यंत रेडिओने आणली. पाणी शनिवार, नारायण, कसबा पेठांत शिरले होते. तारांचा मार्ग बंद होता. मी कसाबसा पुण्याला पोहोचलो तेव्हा चिखलाचा वास स्टेशनपासून येत होता. ओंकारेश्वराजवळ आलो तर आमची गल्ली ओळखू येईना. वाड्याच्या मातीच्या भिंती पाण्यात विरघळून बसल्या होत्या आणि तुळया आकाशाकडे तोंड करून पडल्या होत्या. माणसे वाचली होती. आई, अण्णा आणि बहीण आप्तांकडे पर्वतीच्या पायथ्याशी एका खोलीत होते.

ज्याच्या भरवशावर मी 'लांब' राहत होतो ते घर जाग्यावर नव्हते.

अण्णा नकाशाची गुंडाळी गेली म्हणून हळहळत होते. आईने माझ्यापुढे ताट ठेवले आणि जेवत असताना सांगू लागली.

"काल वाड्याच्या जागी पंचनाम्याला एक पोरगा आला होता. हातात टेप. तुझ्याच वयाचा, तुझ्याहून लहानच असेल. मी त्याला म्हटलं, बाबा, परसातला पारिजातक वाहून गेला, तोही लिही. तो म्हणाला, आजी, झाडांचा रकाना नाही या कागदावर. मी गप्प बसले. मग कोण जाणे काय वाटलं त्याला, पान उलटलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं: पारिजातक, एक." ती थोडी थांबली. "त्याचं घर फार लांब असणार रे. चेहऱ्यावरनंच कळत होतं."

तेव्हा मी आईला फणसाची गोष्ट सांगितली. तोवर ती मी घरी कोणालाच सांगितली नव्हती. चुकीने सुरू होणारी गोष्ट सांगायला मन घेत नाही. आई सगळे ऐकून घेत होती. म्हातारी, सासू, आठळी, अर्धी करंजी.

"आणि त्या तुला दिलेल्या आठळ्या?" तिने विचारले.

"भाजून खाल्ल्या. भाऊसाहेबांनी आणि मी."

"सगळ्या?"

"सगळ्या."

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग माझ्या पानात भात वाढत म्हणाली,

"एखादी लावायची होतीस रे."